न मारलेला पट

दोन पट सांगतो, दहा महिन्यांच्या अंतराचे. दोन्ही शेवटच्या, अठराव्या ग्रीनवरचे. दोन्ही दोन-अडीच फुटांचे, जेवणाच्या पाटापेक्षा जरासे लांब. (पट म्हणजे ग्रीनच्या गुळगुळीत गवतावर बॉल उडवायचा नाही, जमिनीवरून होलकडे घरंगळवायचा, तो फटका.)

पहिला सप्टेंबर १९६९ मधला, इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलवरचा. टोनी जॅकलिनला तो उरला होता. त्याने तो मारलाच नाही. समोरच्या जॅक निकलसने बॉलच्या जागी ठेवलेली खूण उचलली, जॅकलिनच्या हातात दिली आणि हात पुढे केला. दुसरा जुलै १९७० मधला, स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला. तिथे डग सँडर्सला तेवढाच पट घालायचा होता आणि ब्रिटिश ओपन त्याची होती. तो बॉलपाशी उभा राहिला, मधेच वाकून गवतातलं काहीतरी बारीकसं बाजूला केलं, पाय पुन्हा नीट न रोवताच पट मारला आणि बॉल होलच्या उजव्या कडेने निघून गेला. दुसऱ्या दिवशी अठरा होलचा प्ले-ऑफ झाला. सँडर्स एका फटक्याने हरला. हरवणारा होता जॅक निकलस.

बर्कडेलवर पट सोडणाऱ्या निकलसला सेंट अँड्र्यूजवर तो सोडता येत नव्हता. त्याचा मोठेपणा दहा महिन्यांत आटला होता असं नाही; खेळाचा प्रकार वेगळा होता. ब्रिटिश ओपन स्ट्रोक प्लेची स्पर्धा आहे. तिथे चार दिवसांचे सगळे फटके मोजतात आणि प्रत्येकाची लढत मैदानावरच्या सगळ्यांशी असते. तिथे एखाद्याने दुसऱ्याला फटका माफ केला, तर तो बाकीच्यांच्या खिशातून माफ केल्यासारखं होईल. म्हणून स्ट्रोक प्लेत बॉल होलमध्ये घालावाच लागतो. न घालता पुढच्या होलचा पहिला फटका मारला की खेळाडू स्पर्धेबाहेर.

मॅच प्लेचं तसं नाही. तिथे समोरासमोर दोघे, किंवा दोन जोड्या. एकूण फटक्यांना किंमत नाही. एकेक होल ही स्वतंत्र लढाई. कमी फटक्यांत ज्याने बॉल घातला, होल त्याचा. सारखे फटके लागले तर होल बरोबरीत. तिसऱ्या कोणाचाही त्या होलशी संबंध नसतो. त्यामुळे सावकाराने व्याज सोडावं तसा इथे समोरचा तुमचा उरलेला फटका सोडू शकतो. ‘झाला, उचल’ असं तो म्हणाला की बॉल होलमध्ये गेला असं धरायचं. गोल्फर अशा पटाला ‘गिमी’ म्हणतात.

मला या प्रथेचं फार अप्रूप वाटतं, आणि त्याला कारण आहे. बुद्धिबळात हार दिसली की खेळाडू डाव सोडतो, पण तो स्वतःचा. क्रिकेटमध्ये पंचाने बोट वर करण्याआधीच फलंदाज निघतो, तोही स्वतःच्या विकेटपुरता. गोल्फमध्ये मात्र समोरच्याने अजून न केलेली कृती ‘केली’ असं तुम्ही ठरवता. त्याची परीक्षा घ्यायची की नाही, हे तुमच्या हातात असतं. अशी सत्ता प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणारे खेळ फार थोडे.

आणि परीक्षा दिसते तेवढी सोपी नसते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, बॉलचा कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे जागा भरपूर. तरीही कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या फटक्यांच्या प्रचंड नोंदी तपासल्या, तेव्हा जगातले उत्तमोत्तम व्यावसायिकदेखील तीन फुटांवरून शंभरातले चारएक पट हुकवतात, पाच फुटांवरून तेवीसएक आणि आठ फुटांवरून निम्मे, असं दिसलं. क्लबातल्या हौशी खेळाडूचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. त्याहून जवळचेही हुकतात. १९८३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये हेल आयर्विन काही इंचांवरचा बॉल सहज ढकलायला गेला आणि त्याचा पटर, म्हणजे पट मारायची काठी, बॉलला लागलाच नाही. फटका मात्र मोजला गेला. टॉम वॉटसनने ती स्पर्धा जिंकली आणि आयर्विन एका फटक्याने मागे राहिला. मैदान पुन्हा रॉयल बर्कडेलच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या क्राफ्ट नॅबिस्को स्पर्धेत दक्षिण कोरियाची आय. के. किम शेवटच्या ग्रीनवर एका फुटाचा पट हुकली, मग प्ले-ऑफमध्ये हरली. हाताचा थरकाप अंतर बघून येत नाही.

आता १९६९ च्या त्या दुपारकडे जाऊ, कारण पट सोडण्याचा विषय निघाला की सगळे शेवटी तिथेच येतात, आणि योग्यच आहे.

राईडर कप ही ब्रिटन आणि अमेरिकेच्या व्यावसायिकांमधली लढत १९२७ पासून चालू होती. १९५७ नंतर ब्रिटनने ती जिंकली नव्हती. १९६९ चं वातावरण कडवट होतं. ब्रिटिश कर्णधार एरिक ब्राऊन याने आपल्या खेळाडूंना बजावलं होतं की अमेरिकनांचा बॉल उंच गवतात गेला तर शोधायला मदत करायची नाही. कोणाचा बॉल हरवला की सगळ्यांनी मिळून शोधायचा, ही गोल्फमधली जुनी रीत. ती मोडायला सांगण्याइतकी ईर्ष्या होती. एकूण ३२ सामने. शेवटच्या दुपारी ३१ सामने संपले तेव्हा दोन्ही बाजूंना साडेपंधरा-साडेपंधरा गुण, आणि मैदानावर एकच जोडी उरली: जॅकलिन आणि निकलस.

जॅकलिनने त्याच जुलैमध्ये ब्रिटिश ओपन जिंकली होती. १९५१ मधल्या मॅक्स फॉकनरनंतर पहिला ब्रिटिश विजेता. देशाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. निकलस २९ वर्षांचा, सात मोठ्या स्पर्धा खिशात, पण राईडर कपमध्ये पहिल्यांदाच उतरलेला. सकाळच्या एकेरीत जॅकलिनने त्याला हरवलं होतं. दुपारी सतराव्या होलला निकलस एका होलने पुढे होता, तेव्हा जॅकलिनने खूप लांबवरून पट घातला आणि सामना बरोबरीत आणला. त्यावर उठलेल्या प्रेक्षकांच्या आरोळीने पुढच्या ग्रीनवर वेगळीच गंमत झाली. तिथे जॅकलिनच्या संघातला ब्रायन ह्यूगेट अठराव्या होलला चार-पाच फुटांच्या पटाशी उभा होता. आरोळी ऐकून त्याला वाटलं, जॅकलिन जिंकला, आपला हा पट गेला की चषक आपला. त्याने तो घातला आणि कर्णधाराच्या गळ्यात पडून रडला. खरं तर अजून काहीच ठरलं नव्हतं.

अठराव्या होलवर चालत जाताना निकलसने जॅकलिनला विचारलं की तू घाबरला आहेस का. जॅकलिन म्हणाला, प्रचंड. निकलस म्हणाला, मीही. दोघांचे बॉल ग्रीनवर आले. जॅकलिनचा लांब पट दोनेक फूट आधीच थांबला. निकलसचा होल ओलांडून चार-पाच फूट पुढे गेला. निकलसने परतीचा तो अवघड पट आधी घातला, बॉल होलमधून काढला आणि मग जॅकलिनची खूण उचलली. तू हा हुकला असतास असं मला वाटत नाही, पण अशा परिस्थितीत ती संधीच मी तुला देणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला. निकाल १६-१६. राईडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी.

या घटनेचा हिशेब नीट मांडला पाहिजे, नाहीतर तिची नुसती गोड गोष्ट होते. आधीचा विजेता अमेरिका होता, त्यामुळे बरोबरी झाली तरी चषक अमेरिकेतच राहणार होता. निकलसने सोडला तो स्पष्ट विजय, चषक नव्हे. अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड याला तरीही हे मुळीच रुचलं नाही. आम्ही जिंकायला आलो होतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि कर्णधार म्हणून त्याचं चूक नव्हतं. बारा जणांच्या गुणांचा निर्णय एकाने परस्पर घेतला होता. पण त्या ग्रीनवर निकलसने मापलं ते पट जाण्याची शक्यता नव्हे. दोन फुटांचा पट जॅकलिन बहुधा घालणारच होता. निकलसने मापलं ते हुकला तर काय होईल ते. अमेरिकेला अर्धा गुण जास्त मिळाला असता. जॅकलिनला मात्र सगळ्या ब्रिटनसमोर हुकलेला तो पट जन्मभर पुरला असता. दहा महिन्यांनी सँडर्सचं नेमकं तेच झालं. त्याने अनेक स्पर्धा जिंकल्या होत्या, पण त्याचं नाव निघालं की लोकांना आठवतो तो एकच फटका. निकलसने अर्धा गुण एका पारड्यात ठेवला, एका माणसाची उरलेली कारकीर्द दुसऱ्यात. मला त्याचं माप पटतं.

पुढे १९७७ मध्ये ब्रिटनच्या संघात युरोपातले खेळाडू घ्यावेत असा आग्रह निकलसनेच धरला आणि १९७९ पासून तसं झालं. आज राईडर कपला जी चुरस दिसते ती तिथून आली. फ्लोरिडामध्ये निकलस आणि जॅकलिन यांनी मिळून एक मैदान उभारलं. त्याचं नाव ‘द कन्सेशन’.

नियम मात्र या भावनांपासून दूर, कोरडा आणि नेमका आहे. मॅच प्लेत तुम्ही समोरच्याचा पुढचा फटका सोडू शकता, अख्खा होल सोडू शकता, अख्खा सामनाही. फटका सोडायचा तर समोरच्याने तो मारण्याआधी. सोडल्याचं स्पष्ट कळलं पाहिजे, बोलून किंवा कृतीतून. एकदा सोडला की परत घेता येत नाही, आणि ज्याला सोडला त्याला नाकारताही येत नाही. तुमच्या कॅडीला, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला, पट सोडण्याचा अधिकार नाही. किती फुटांपर्यंत सोडायचा याबद्दल नियमात एक अक्षर नाही. पटरचं डोकं होलमध्ये ठेवून आडवा टाकायचा आणि मुठीच्या कातड्याच्या आत बॉल असला तर सुटला, ही क्लबांमधली रीत आहे, नियम नव्हे. हँडिकॅपसाठी स्कोअर लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत सुटलेला बॉल होलपासून पाच फुटांच्या आत असेल तर एक फटका धरून लिहायचा.

‘स्पष्ट कळलं पाहिजे’ या तीन शब्दांत सगळी भांडणं दडलेली आहेत.

२०१५ मध्ये जर्मनीत सेंट लिऑन-रॉटला सॉल्हाइम कप चालू होता. राईडर कपसारखीच ही महिलांची स्पर्धा, युरोप विरुद्ध अमेरिका. सतराव्या होलवर अमेरिकेच्या ॲलिसन ली हिचा पट हुकला आणि बॉल होलपासून दीडेक फुटावर थांबला. समोरच्या सुझान पेटरसन आणि चार्ली हल ग्रीनवरून निघाल्यासारख्या दिसल्या. लीला वाटलं की पट सुटला. तसं कोणीतरी म्हणाल्याचंही तिला वाटलं. तिने बॉल उचलला. पेटरसन म्हणाली, आम्ही सोडलेला नाही. नियमाने ते बरोबर होतं. होल युरोपला, थोड्या वेळाने सामनाही युरोपला. ली रडत होती आणि जिंकलेल्या जोडीतली हलही रडत होती. एकेरीचे सामने सुरू होताना युरोप १०-६ ने पुढे होता. अमेरिकेच्या मुली त्वेषाने खेळल्या आणि १४½-१३½ अशी बाजी उलटवली. दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर माफी मागितली.

मला इथे पेटरसनने दीड फुटाचा पट सोडला नाही याचं वाईट वाटत नाही. सामना बरोबरीत होता, दोन होल उरले होते. घाल म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. पण तो हक्क वापरायचा असेल तर होलपाशी उभं राहावं, ‘हा घाल’ असं म्हणावं. पाठ फिरवून चालू लागायचं आणि मग सोडला नव्हता म्हणायचं, हे मात्र पटत नाही. शिवाय दुरुस्तीची वाट खुली होती. मागचा होल परत देता येत नव्हता, पण पुढचा होल सोडता आला असता.

ती वाट चार वर्षांनी दुसऱ्या कोणाला सुचली. २०१९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या मॅच प्ले स्पर्धेत सर्जिओ गार्सिया सातव्या होलवर एक पट हुकला आणि वैतागून उरलेला काही इंचांचा बॉल उलट्या हाताने ढकलला. तोही हुकला. समोरचा मॅट कुचर तो सोडणारच होता, पण म्हणायला त्याला वेळच मिळाला नव्हता. त्याने पंचाला तसं सांगितलं, आणि मारून झालेला फटका सोडता येत नाही, म्हणून होल कुचरचा झाला. गार्सियाने सुचवलं की हवं तर एक होल सोड. कुचरने सोडला नाही, आणि सामना त्यानेच जिंकला. यात चूक गार्सियाची, हे उघड आहे. समोरचा बोलेपर्यंत थांबायला किती वेळ लागतो?

गैरसमजाचा काटा मात्र आताच्या नियमांनी काढलेला आहे. समोरच्याच्या बोलण्याचा किंवा कृतीचा गैरसमज होऊन कोणी बॉल उचलला, आणि तो गैरसमज होणं साहजिक असेल, तर दंड नाही. बॉल पुन्हा जागेवर ठेवायचा आणि मारायचा.

डावपेच म्हणाल तर त्यांचा जुना गुरू वॉल्टर हेगन. पीजीए चॅम्पियनशिप १९५७ पर्यंत मॅच प्लेने खेळली जाई. हेगनने ती पाच वेळा जिंकली, त्यातली चार लागोपाठ, १९२४ ते १९२७. सुरुवातीच्या होलवर तो दिलदारपणे पट सोडत जाई. दोन फुटांचा, तीन फुटांचा, उचल. समोरच्याला बरं वाटे आणि बारा-चौदा होलपर्यंत त्या बिचाऱ्याने एकही छोटा पट स्वतः घातलेला नसे. मग सामना अटीतटीला आला की अडीच फुटांवर हेगन गप्प. समोरच्याच्या हाताला ग्रीनचा वेग माहीत नाही, मनात प्रश्न: आतापर्यंत सोडत होता, आताच का नाही? यात काही दिसतंय का त्याला? हे कपट आहे का? मला नाही वाटत. सोडलेल्या पटावर पुढच्या पटाचा हक्क तयार होत नाही. ज्याला हे कळतं तो सुटलेले पटही, कोणाचा खोळंबा होत नसेल तर, हात बसावा म्हणून घालून घेतो. नियमाची त्याला आडकाठी नाही.

बाकीचे आडाखे अनुभवातले. उताराचा, कडेने वळणारा छोटा पट सहसा सोडू नये. सपाट आणि चढावरचा सोडायला हरकत नाही. नुकताच तसला पट हुकलेल्याला पुढचा घालायला लावावा. चौघांच्या, जोडीजोडीच्या सामन्यात एक बारीक खुबी आहे. समोरच्या जोडीतल्या दोघांचे बॉल एकाच रेषेत असतील, तर जवळचा आधी मारून लांबच्याला उतार दाखवेल. अशा वेळी जवळचा पट झटकन सोडून टाकावा. सोडल्यावरही त्याने मारला आणि त्याचा जोडीदाराला फायदा झाला, तर जोडीदाराचा त्या होलचा स्कोअर धरत नाहीत.

आणि पट सोडला नाही तर रुसू नये. २०२१ मध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सला राईडर कपमध्ये ब्रायसन डीशॅम्बोने, पट सोडला नाही म्हणून, पटर ग्रीनवर आडवा टाकून किती जवळ आहे ते दाखवलं होतं. अमेरिकेच्या सर्वोत्तम बारांत निवड झालेल्या माणसाने दोन फूट मापून दाखवू नयेत, घालून दाखवावेत.

काही वेळा अंतराचा संबंधच उरत नाही. १९९९ मध्ये बॉस्टनजवळच्या ब्रूकलाइनला राईडर कप अमेरिकेने जिंकून झाला होता, पण पेन स्ट्युअर्ट आणि कॉलिन माँटगोमेरी यांचा सामना अजून चालू होता. प्रेक्षकांनी दिवसभर माँटगोमेरीला शिव्याशाप देऊन हैराण केलं होतं. अठराव्या ग्रीनवर त्याला लांबचा पट उरला होता, कोणीही सोडणार नाही असा. स्ट्युअर्टने तो सोडला आणि स्वतःचा सामना हरला. त्यानंतर महिन्याभरात, २५ ऑक्टोबरला, विमान अपघातात तो गेला.

आणि काही पट कोणी सोडावेत अशी अपेक्षाच नसते. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये प्रेसिडेंट्स कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकीचं जग) खेळणारा पहिला भारतीय ठरला. दक्षिण कोरियात इंचॉनला शेवटच्या दिवशी त्याची एकेरी लढत अमेरिकेच्या ख्रिस कर्कशी होती. दोघे अठराव्या ग्रीनवर आले तेव्हा बरोबरी होती. लाहिरीचा बॉल चारेक फुटांवर, कर्कचा पंधरा फुटांवर. कर्कने आपला घातला. आता लाहिरीला बरोबरीसाठी घालायचा होता. कर्क गप्प उभा राहिला. दुसरं काही करण्याची ती वेळ नव्हती, आणि लाहिरीनेही वर पाहून वाट पाहिली नाही. बॉल होलच्या काठावरून फिरून बाहेर आला. अमेरिका १५½-१४½ ने जिंकली. तो अर्धा गुण मिळाला असता, आणि बाकीचे निकाल तसेच राहिले असते, तर १५-१५ झाले असते. ज्या मैदानावर हे झालं त्याचं नाव जॅक निकलस गोल्फ क्लब, कोरिया.